एकतिसावं लेबल

धान्याच्या कोठाराशी वजनकाट्यावर माझे बाबा बसतात. फेब्रुवारीतल्या त्या दुपारी मी त्यांचा डबा घेऊन गेले, तर काट्यापलीकडे बर्फाच्या चिखलात एक पांढरा ट्रेलर उभा होता. चाकांवरचं घर. इंडियानातल्या आमच्या गावात डोळे मिटून दगड भिरकावला तर असल्याच एखाद्या ट्रेलरला लागेल. निम्मं गाव तेच बनवतं. पण ह्याच्या भिंतीवरच्या कारखान्याच्या क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे मी वाचले आणि डब्यातलं गरम सूप माझ्या हातावर सांडलं.

तीस सापडले होते. हा एकतिसावा.

दार उघडंच होतं. मी वाकून चौकटीच्या आत पाहिलं.

"चोरायचं असेल तर वरच्या फळीवरची कॉफी न्या," मागून आवाज आला. "बाकी नेण्यासारखं काही नाही."

उंच माणूस. वेल्डिंगचा मुखवटा कपाळावर सरकवलेला, भुवयांत काजळी.

"मी... लेबल बघत होते. ते मी चिकटवलंय. कारखान्यात."

त्याने लेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लेबलावर, चाकांत हवा किती आणि आत सामान किती, एवढंच असतं. कोपऱ्यात मी बॉलपेनने एक छोटासा व्ही काढायचे. नियमात नव्हतं, माझी आपली हौस.

"म्हणजे हा व्ही—"

"वर्ला."

"वर्ला," त्याने चव घेतल्यासारखं म्हटलं. "वर्षभर रोज सकाळी बूट चढवताना हा व्ही बघतोय. माझी पैज होती, हा कुणी व्हर्नन नावाचा टकला म्हातारा असणार."

"हरलात मग."

"हरल्याचं इतकं सुख कधी झालं नव्हतं." तो हसला... आणि हसता हसता थांबला. "गेलन म्हणायचा, बाईच आहे. इतकं सरळ लेबल पुरुषाच्या हातून लागत नाही."

"गेलन तुमचा कोण?"

"भाऊ," तो म्हणाला आणि मुखवटा खाली ओढला.

त्याचं नाव लायल. फुटक्या कोठारांना ठिगळं लावत तो गावोगाव फिरायचा. एप्रिलपर्यंत आमच्याकडे काम होतं.

*

आमच्याकडे कामाची एक रीत आहे. पहाटे साडेचारला सुरुवात करायची आणि दिवसाचा आकडा पुरा झाला की घरी, मग सकाळचे दहा का वाजेनात. त्या फेब्रुवारीच्या सव्वा वर्ष आधी, नोव्हेंबरातला तो शुक्रवार. शनिवारी हरणांची शिकार खुली होणार होती. सगळ्यांच्या बंदुका आणि थर्मास गाडीत तयार होते. ट्रेलर आधी काट्यावर चढवायचा आणि मग लेबल छापायचं, हा नियम. "वर्ले, पोरी, वजन काय बदलतंय कालच्यापेक्षा? छापून टाक आधीच!" आमचा मुकादम डेल्बर्ट ओरडला, आणि मी आदल्या दिवसाच्या आकड्यांवरून एकतीस लेबलं छापून टाकली. मलाही घरी जायचं होतं. केक करायचा होता.

त्या दिवशी जोडणीच्या ओळीवर जड नमुन्याचे ट्रेलर आले होते. चाकांत हवा हवी होती पासष्ट पौंड. माझ्या लेबलावर होती पन्नास. सामानही त्यावर दीडपट लिहिलेलं.

चूक उघडकीला आली ती ह्या जानेवारीत. सरकारी नियमाने मालकांना पत्रं गेली आणि लेबलं बदलायचं काम माझ्यावर आलं. डेल्बर्टने दम भरला, "लेबल लाव, सही घे, बाकी तोंड उघडायचं नाही." एकच पत्र परत आलं. ते गेलनच्या नावावर होतं.

लायल भेटला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नवं लेबल पर्समध्ये घालून त्याच्याकडे गेले. पण त्याने आधी कॉफी पुढे केली. त्याच्याकडे दोनच कप होते, आणि दुसऱ्यावर लाल रंगात 'गेलन' लिहिलेलं.

"चालेल?" त्याने विचारलं. "जूनपासून कुणी त्यात प्यायलं नाही."

मग तो सांगत गेला. इलिनॉयमधला हायवे, रणरणतं ऊन, ट्रेलरचं चाक फुटलं. गेलन म्हणाला, तू बस, मी बदलतो. मागून मालट्रक आला.

"रोज सकाळी मी हवा बघायचो," लायल म्हणाला. "लेबलावर लिहिलीय तितकी, अगदी काटेकोर. त्या एका सकाळी नाही बघितली. उशीर झाला होता. एक सकाळ, वर्ला... आणि मी माझा भाऊ मारला."

पर्स माझ्या मांडीवर होती. माझा हात तिच्या चेनवर होता. मी ती उघडली नाही.

*

सहा आठवडे उघडली नाही.

ट्रेलर जागचा हलत नव्हता, म्हणून धोका नाही, असं मी मनाला समजावत राहिले. मी सुट्टी झाली की थेट तिकडेच जायचे. कोठारातून भिजलेल्या मक्याचा आंबूस वास यायचा, पत्र्यावर गारांचा ताशा वाजायचा आणि आम्ही दोघं छोट्या टेबलाशी गुडघ्याला गुडघा लावून बसायचो. जागाच तेवढी होती... की आम्हीच तेवढी ठेवली होती?

"तुझे बाबा काट्याच्या खिडकीतून माझ्याकडे असे बघतात, जणू मी ओला मका आणलाय."

"ओलाच आहेस तू."

"मग वाळव ना."

मी टॉवेल फेकला. त्याने टॉवेलाबरोबर माझा हातही पकडला. त्याच्या बोटांना लोखंडाचा वास होता. सुख इतकं जवळ होतं, आणि माझ्या पाठीमागे दारात ते लेबल.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, "गुरुवारी निघतोय. इलिनॉय. त्याच रस्त्याने." आणि मग, माझ्याकडे न बघता, "येशील?"

मी पर्स उघडली.

"लायल, आधी हे बघ. तू त्या सकाळी हवा बघितली असतीस तरी पन्नासच भरली असतीस. हवी होती पासष्ट. लेबल चुकलंय. मी चुकवलंय. घरी लवकर जायचं होतं म्हणून... वजन न करता."

तो उठला. कप्प्यातून हवा मोजायचं यंत्र घेऊन बाहेर गेला, चिखलात गुडघे टेकले. पहिलं चाक. दुसरं. तिसरं. चौथं. मी मागे उभी होते, मला काटा दिसत होता. पन्नास. पन्नास. पन्नास. पन्नास. भाऊ गेल्यापासून त्याने एक पौंड इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता.

"दहा महिने," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मी झोपलेलो नाही."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे! सहा आठवडे माहीत होतं तुला. त्याच्या कपातून कॉफी पीत होतीस तू."

मी नवं लेबल पुढे धरलं.

"लाव ते लेबल."

मी जुनं खरवडून काढलं, नवं लावलं. नजर त्याच्याकडे होती, ते तिरकं बसलं. मी सवयीने पेन काढलं.

"व्ही नको," तो म्हणाला.

सहीचा कागद उरला होता. त्यावर एक प्रश्न असतो, 'चुकीमुळे अपघात झाला का?' तीस कागदांवर मी 'नाही' लिहिलं होतं. ह्याच्यावर लिहिलं, 'हो. एक मृत्यू. गेलन.' आणि वजन न करता लेबलं कशी छापली, तेही सगळं. एक प्रत त्याला दिली, एक सरकारला पाठवली. डेल्बर्टने त्याच आठवड्यात मला घरी बसवलं. लायल गुरुवारी गेला. चारही चाकांत पासष्ट भरून, निरोप न घेता.

*

सप्टेंबरात मक्याची कापणी लागली. मी आता काट्यावर बाबांच्या हाताखाली आकडे लिहीत होते. ट्रॅक्टरांच्या रांगेत, धुळीतून, एक पांढरा ट्रेलर पुढे सरकला आणि काट्यावर येऊन थांबला.

तो खिडकीशी आला. वाळला होता. पण डोळ्यांखालचं काळं उतरलेलं.

"तिरकं लावलंयस," तो म्हणाला. "रोज सकाळी दिसतं. गेलन पैज हरला असता."

मला हसू आलं आणि रडूही.

"माफ केलंय असं नाही म्हणत," तो हळू म्हणाला. "काही सकाळी त्या लेबलाकडे बघवत नाही, मग मी नुसता बूट हातात घेऊन बसतो. पण झोप लागते आता. ती तू दिलीस... आणि व्ही नसलेल्या लेबलाकडे बघून तर अजिबात करमत नाही."

बाबा खाकरले. "काट्यावर गप्पा नको रे बाबा. मागे रांग आहे. काय तोलायचंय?"

"भरलेला ट्रेलर."

बाबांनी आकडा सांगितला. लायलने दारातलं लेबल वाचून मनात वजाबाकी केली.

"एकशे नव्वद पौंड जागा उरते," तो म्हणाला. "तुझं सामान किती असेल, वर्ला?"

मागचे ट्रॅक्टर भोंगे वाजवायला लागले होते. मी आकड्यांची वही मिटली.

"कपड्यांची एक बॅग... आणि आजीचं शिवणयंत्र."

"यंत्र किती भरेल?"

"असेल चाळीसच्या आसपास."

"आसपास नको," तो म्हणाला. "आण. काट्यावर ठेवू."

मी धूळ तुडवत घराकडे धावत सुटले. पाठीमागून त्याचा आवाज आला—

"आणि येताना बॉलपेन आण!"