जनरेटर बंद हाये का गा?

ही गोष्ट रात्रीची नाही. ज्यांना अमावस्या, पैंजण आणि कुत्र्यांचं रडणं हवं आहे त्यांनी इथंच थांबलं तरी चालेल.

हे भर दुपारी घडलं. चव्वेचाळीस डिग्रीच्या उन्हात. माझ्या डोळ्यांसमोर.

मी कृष्णकांत. नागपूरला मानेवाड्यात राहतो, इन्शुरन्सच्या ऑफिसात लोकांचे क्लेम तपासतो. कागद दाखवल्याशिवाय मी कोणाचं मेलेलं माणूससुद्धा मेलं असं मानत नाही. माझ्याकडे या घटनेचा एकही कागद नाही. पण खरी आहे.

आमचं गाव कुहीपासून आठ किलोमीटरवर आहे. नाव लिहीत नाही, लिहू नको असं केशवदादानं बजावलंय. केशवदादा म्हणजे माझा मोठा भाऊ, घरची शेती तोच बघतो. तो, मेघा वहिनी आणि आमची आई तिथं राहतात.

आईची फुफ्फुसं खराब झाली आहेत. ऑक्सिजनच्या मशीनची नळी दिवसभर नाकात असते. ते मशीन विजेवर चालतं. वीज गेली की मशीन बंद, आणि मशीन बंद झालं की पंधरा-वीस मिनिटांत आईचे ओठ निळे पडायला लागतात.

आणि उन्हाळ्यात आमच्या गावची वीज कधी जाईल याचा नेम नाही. गेली की तीन-तीन, चार-चार तास येत नाही.

"चल नागपूरले," मी तिला शंभरदा म्हटलं असेल.

"तुह्या त्या दुसऱ्या मजल्यावर? खिडकीतून भिंतच दिसते गा बाप्पा. मले माहा अंगन दिसू दे."

मग काय घ्यायचं, यावर घरात महिनाभर खल चालला. इन्व्हर्टर होता, पण तो दीड तासात मान टाकायचा आणि लाइन आल्याशिवाय पुन्हा चार्ज व्हायचा नाही. दादा म्हणाला छोटा डिझेल जनरेटर घेऊ. वहिनी म्हणाली सोलर. आणि मी, शहरातला शहाणा, म्हणालो, "अरे, अंगणात ट्रॅक्टर उभा आहे! काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला?"

ट्रॅक्टरच्या मागं फिरता दांडा असतो, पीटीओ म्हणतात त्याला. त्यावर चालणारा जनरेटर मिळतो. वेगळं इंजिन नको, वेगळी देखभाल नको. मी चार दिवस मोबाइलवर व्हिडिओ बघून सगळ्यांची तोंडं बंद केली.

हे मी मुद्दाम सांगतोय. तो जनरेटर घरात मी आणला. दुसऱ्या कोणी नाही.

उमरेडजवळ महादेवराव नावाच्या एका म्हाताऱ्यांकडे जुना मिळाला. एकदम चांगल्या हालतीत. फारसा वापरलेला नव्हता. का विकताय, असं मी विचारलंच नाही. लोकांना सतरा प्रश्न विचारणारा मी, तिथं एकही विचारला नाही.

गावचा वायरमन धर्मेंद्र, त्यानं येऊन चेंजओव्हर बसवून दिला. म्हणजे एक मोठा खटका. वर केला की घराला खांबावरची लाइन, खाली केला की जनरेटरची. दोन्ही एकत्र होऊच शकत नाहीत.

"हे नाही बसवलं न भाऊ," धर्मेंद्र म्हणाला, "तं तुमच्या जनरेटरचा करंट उलटा खांबावर जाते. वर आमच्यातला कोनी असला, तं गेला तो."

आमच्या भागात म्हणूनच एक रीत आहे. खांबावर चढायच्या आधी वायरमन खालून मोठ्यानं विचारतो. ज्याच्या घरी जनरेटर आहे त्यानं तो बंद करायचा आणि "बंद हाये" असं ओरडून सांगायचं. मग माणूस वर चढतो. खाली उतरला की तोच सांगतो, उतरलो, चालू करा. लिहिलेलं कुठंच नाही. सगळं शब्दावर चालतं.

तर, मागच्या वर्षीच्या मे महिन्यातला दुसरा शनिवार. दुपारचे अडीच. मी सुट्टीला घरी आलो होतो.

लाइन गेली.

दादानं ट्रॅक्टर चालू केला, मी खटका खाली पाडला. आईचं मशीन सुरू झालं. मी कॉलर ताठ करून वहिनीकडे बघितलं.

दहा मिनिटं गेली असतील...

"जनरेटर बंद हाये का गा?"

ट्रॅक्टर चालू असताना शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. पण हे आलं. स्वच्छ. कानाशी कोणी बोलावं तसं.

दादानं सवयीनं ट्रॅक्टर बंद केला आणि ओरडला, "बंद हाये!"

आमच्या अंगणाच्या कोपऱ्यावर लोखंडी खांब आहे. तिकडून आवाज यायला लागला.

टण्... टण्... टण्...

लोखंडावर कोणीतरी चढत होतं.

मी उन्हात डोळे बारीक करून बघितलं. खांबावर कोणी नव्हतं.

तीन-चार मिनिटं काहीच नाही. एक कावळासुद्धा नाही. मग पुन्हा तेच टण् टण्, आता खाली येणारं. आणि...

"उतरलो. करा चालू."

दादानं धर्मेंद्रला फोन लावला. तो म्हणाला, "मी तं सकाळपासून कुहीत हावो भाऊ. तुमच्याकडे कोनीच नाही आलं."

मी म्हणालो, असेल दुसरा कोणी, झाडामागून दिसला नसेल.

आई मात्र खिडकीजवळच्या खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "चांगला मानूस हाये. चढताना मले दिसला."

"कुठं दिसला?"

तिनं अंगणाकडे बोट केलं. खांबाकडे नाही. जमिनीकडे. खांबाची सावली पडली होती तिथं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तोच प्रश्न, तेच टण् टण्. या वेळी मी सावलीकडे बघितलं.

खांब रिकामा होता...

सावलीच्या टोकाला मात्र एक माणूस बसला होता. पाठ वाकवून, दोन्ही हात तारांकडे करून.

मी त्याच संध्याकाळी उमरेड गाठलं. महादेवराव ओसरीवर बसले होते. मी तोंड उघडायच्या आधीच त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं,

"तुमालेही इचारते का?"

मी तिथंच पायरीवर बसलो.

मग त्यांनी सांगितलं. चार वर्षांपूर्वी त्यांच्या दारच्या खांबावर एक वायरमन चढला होता. चढायच्या आधी त्यानं विचारलं. महादेवराव म्हणाले, बंद हाये. आणि आत गेले. टीव्हीवर मॅच होती, शेवटच्या दोन ओव्हर राहिल्या होत्या. ते विसरले. खटकाबिटका काही नव्हता तेव्हा. त्यांनी जनरेटर चालू केला.

"तवापासून इचारते. मी बंद करतो. तो उतरते, सांगते, मंग चालू करतो. कोनाले तरास नाही देत बिचारा."

"मग विकला काहून?"

म्हाताऱ्यानं दारच्या खांबाकडे बघितलं.

"एक दिवस तो उतरलाच नाही," ते म्हणाले.

पुढं काय झालं ते काही केल्या सांगेनात. जनरेटर परत घ्यायलाही तयार झाले नाहीत. चूक माझीच होती, पण सांगणार कुणाला? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मी नागपुरात नव्या जनरेटरची ऑर्डर दिली. दुकानदार म्हणाला, आठ दिवस लागतील.

आठ दिवस. मे महिन्यातले.

तोवर करणार काय? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी सुट्टी वाढवली. आम्ही महादेवरावांसारखंच करायला लागलो. तो विचारायचा, दादा बंद करायचा, आई सावलीकडे बघत बसायची. इन्व्हर्टर तोवर संपलेला असायचा, चार मिनिटं ती बिनऑक्सिजनची काढायची. उतरला की तिलाच आधी कळायचं. "उतरला बाप्पा," म्हणायची, आणि सुस्कारा टाकायची. खटका होता, आमच्या घराचा आणि त्या खांबाचा एका तारेनंही संबंध उरला नव्हता, हे मी तिला दोनदा समजावलं.

"त्याले कुठं मालूम हाये ते?" ती म्हणाली.

सहावा दिवस. शनिवार.

सकाळी अकरालाच लाइन गेली होती. इन्व्हर्टर संपला. अडीअडचणीसाठी घरात एक छोटा सिलिंडर राखून ठेवला होता तो आदल्या दिवशी रिकामा झाला, भरायला दिलेला होता, संध्याकाळी मिळणार होता. म्हणजे आता फक्त ट्रॅक्टर.

साडेतीन वाजता...

"जनरेटर बंद हाये का गा?"

दादानं बंद केला. "बंद हाये!"

टण्... टण्... टण्...

आईच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावलेला होता. एक्क्याण्णव.

चार मिनिटं झाली. सहा झाली.

आठ.

काहीच नाही. वाऱ्याची झुळूक नाही. वहिनीनं आईचा हात धरला होता आणि आई नुसती खांबाच्या सावलीकडे बघत होती. सावली आता लांब झाली होती, पार ट्रॅक्टरच्या चाकापर्यंत आली होती. टोकाला तो बसलेला. हलत नव्हता.

त्र्याऐंशी.

"ए भाऊ!" दादा खांबाकडे बघून ओरडला. "उतर न गा! माह्या मायचा जीव चालला! पाया पडतो तुह्या!"

माझा भाऊ, सहा फुटी गडी, रिकाम्या खांबाला हात जोडून रडत होता. मला ते बघवेना.

शहात्तर. आईचे ओठ निळे पडले.

"दादा, चालू कर."

"मानूस वर हाये, कृष्णा."

"कोन मानूस? डोळे उघडून पाह्य! खांब रिकामा हाये!"

"मी त्याले बंद हाये म्हनलो." त्यानं किल्ली मुठीत घट्ट धरली. "मी म्हनलो त्याले."

एकोणसत्तर.

वहिनी किंचाळली, "भाऊजी, काही तरी करा!"

मी दादाच्या मुठीतून किल्ली ओढून घेतली. त्याच्या हाताला माझी नखं लागली, रक्त आलं. खिडकीतून आई दिसत होती. तिला बोलता येत नव्हतं. ती हात हलवत होती. मला वाटलं लवकर कर म्हणतेय.

तसं नव्हतं. ती नको म्हणत होती.

ते मला कळलं होतं. इथं खोटं कशाला लिहू? कळलं होतं, तरी मी किल्ली फिरवली.

ट्रॅक्टर सुरू झाला. घरात दिवे लागले.

माझ्या पायाशी ती सावली होती. टोकावरचा माणूस ताठ झाला. एकदम ताठ... दोन्ही हात तारेला चिकटल्यासारखे. मग तो सुटला.

धप्प!

माझ्यापासून दोन हातांवर. धूळ उडाली, माझ्या पँटवर बसली. जमिनीवर काही नव्हतं.

काहीच नव्हतं.

आई वाचली. रात्रीपर्यंत आकडा ब्याण्णववर आला. दादा हाताला फडकं बांधून गोठ्यात जाऊन बसला. मी आईजवळ बसलो. तिनं भिंतीकडे तोंड केलं होतं.

"आई, मी काय करायले पाहिजे होतं?"

ती म्हणाली, "पडताना तो माह्याकडे पाहून राहिला होता, कृष्णा."

"आई, तो आधीच मेलेला हाये. चार वर्षं झाली."

"तरी त्यानं इचारलं होतं. अन् आपुन हो म्हनलं होतं."

मी तिच्या नाकातली नळी सारखी केली.

दोन दिवसांनी नवा जनरेटर आला. जुना आम्ही नदीपलीकडे एका भंगारवाल्याला देऊन टाकला. त्यानंतर तो आवाज आला नाही. खांबाच्या सावलीवर कोणी बसलेलं दिसलं नाही. मी समजलो, सुटलो.

पण ट्रॅक्टर सुरू झाला की आई नाकातली नळी काढते.

पहिल्यांदा आम्हाला वाटलं चुकून निघाली. मग कळलं. लाइनवर मशीन चालू असेल तर नळी असते. लाइन गेली, जनरेटर सुरू झाला, की ती दोन्ही हातांनी नळी काढून बाजूला ठेवते. वहिनीनं हात धरून ठेवले तर मान फिरवते. दादानं समजावलं, मी समजावलं, डॉक्टर रागावले.

"हा जनरेटर नवा हाये, आई. याचा त्याच्याशी काही संबंध नाही."

"पन मी तं तीच हावो न," ती म्हणाली. "माह्यासाठी पडला तो."

पावसाळा, हिवाळा कसा तरी गेला. लाइन कमी वेळा जायची, सिलिंडरवर भागायचं. सिलिंडरचं तिला चालतं.

आज तीस एप्रिल आहे. दुपारी मी ऑफिसात असताना दादाचा फोन आला. मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"लाइन गेली. इन्व्हर्टर संपला, सिलिंडरही संपला."

"जनरेटर चालू केला न?"

"केला."

"मग?"

"काढली तिनं नळी. हातात धरून बसली हाये. बंद केला का लगेच लावते, कृष्णा. नाकात लावते अन् वाट पाहत बसते. पन बंद केल्यावर त्या नळीत हवा कुठून येईन? सांग न गा, काय करू? चालू ठेवू का बंद करू?"

माझ्या टेबलासमोर एक बाई नवऱ्याच्या क्लेमचे कागद घेऊन बसली होती. मी फोन कानाला लावून तसाच बसून राहिलो. पलीकडे ट्रॅक्टर बंद झाला. मग चालू झाला. मग पुन्हा बंद झाला.

पंचवीस मिनिटांनी लाइन आली. तोवर आकडा बहात्तरवर गेला होता.

आज आली. मे महिना अजून अख्खा बाकी आहे.