ओढ्याकडचे चाळीस फूट

शौनक, ते दार ओढून घे, कंदील फडफडतोय. ओवी, तुलाही ऐकायचं असेल तर बस, पण मधे प्रश्न विचारायचे नाहीत. विश्रामबागेत कॉलेजात तुम्हाला काय शिकवतात ते असू दे. हे माझ्या एका गिऱ्हाइकाच्या बाबतीत घडलेलं आहे आणि त्यातला शेवट मी स्वतः जाऊन पाहिलेला आहे. गावाचं नाव सांगत नाही. माणसं अजून तिथं नांदतायत.

चार वर्षं झाली. चौऱ्याण्णव सालचा मे, दोन तारीख, सोमवार. चैत्र वद्य अष्टमी. एवढं नेमकं आठवतं, कारण त्या दिवशी आष्ट्यात सकाळपासून वीज नव्हती आणि माझ्या वर्कशॉपातलं वेल्डिंग मशीन दुपारी चारपर्यंत थंड पडून होतं. बाहेर कृष्णात त्याचा ट्रॅक्टर लावून बसला होता.

कृष्णात म्हणजे मिल्ट्रीत सोळा वर्षं काढून पेन्शनवर आलेला गडी. उंच, काटक, कामापुरतं बोलणारा. आल्यावर त्यानं एक छोटा ट्रॅक्टर घेतला, अठरा हॉर्सपॉवरचा. मोठे ट्रॅक्टरवाले हसायचे त्याला. पण मागं लावायची अवजारं त्यानं स्वतः डोकं चालवून माझ्याकडून करून घेतली होती. माती सारायला एक केणी, म्हणजे आडवं पातं, आणि चर काढायला दोन पंखांचा नांगर. त्या नांगराचा डावा पंख सकाळी तडकला होता.

चर कशाला, तर तिकडच्या जमिनी पाण्यानंच बिघडल्यात. उसाला पाणी पाजून पाजून रान चिबडलं, वर पांढरं मीठ फुटलं. साचलेलं पाणी चरातून ओढ्याला लावलं तरच अशी जमीन वाचते. कृष्णातच्या रानाचं पाणी जायला एकच वाट होती, शेजारच्या राहीबाईंच्या वावरातून. त्या बाईंचंही दोन एकर पांढरं पडत चाललेलं. दोघांनी मिळून चर काढायचं ठरवलं.

वीज आली, पंख जोडून होईतो दिवेलागण झाली. मी म्हटलं, "आता सकाळीच लाव."

"सकाळी वरच्या रानात योजनेचं पानी सुटतंय, गंगाधरदादा. येकदा रान वलं झालं की ट्रॅक्टर रुततुया. मग पाऊसच. आज रातीत वडला न्हाई तर ह्ये वरीस गेलं."

आणि तो गेला.

नऊ वाजता तो राहीबाईंच्या वावरात पोचला. बाई बांधावर भाकरी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी चुन्याची फक्की मारून चराची रेघ आखून ठेवली होती, वरच्या बांधापासून खाली ओढ्यापर्यंत, तीनशे फूट.

"भावजी, सगळं वडा. पर वड्याकडचं चाळीस फूट सोडा. तितं ट्रॅक्टर न्हिऊ नगा."

कृष्णातनं का म्हणून विचारलं नाही. त्याला माहीत होतं. पाच वर्षांपूर्वी, तो जम्मूकडं असताना, बाईंचे मालक आप्पासो तिथंच गेले होते. दिवसा दुसऱ्याच्या कामावर आणि रात्री खोरं घेऊन एकटेच आपल्या रानात हाच चर खणायचे. एका रात्री ओढ्याची दरड अंगावर आली. सकाळी लोकांनी उकरून काढलं.

"माती पोकळ हाय तितली," बाई म्हणाल्या. "मान्सं लावून हातानं काडू उद्या."

"व्हय वैनी. तुमी जावा घरला."

बाई गेल्या. त्यानं इंजिन चालू केलं.

मे महिन्यातली काळी माती दगडासारखी असते. नांगर एका फेरीत वीतभरही खाली जात नाही. तीच रेघ चार-पाच वेळा ओढायची, मग नांगर काढून केणी लावायची, माती दोन्ही काठांवर सारायची, पुन्हा केणी काढून नांगर. दोन माणसांचं काम. कृष्णात एकटाच करत होता. पिना काढायच्या, अवजार खाली ठेवायचं, ट्रॅक्टर मागं घेऊन दुसरं जोडायचं. पण हात बसलेला होता.

साडेदहाच्या सुमाराला पहिला थर संपत आला. ट्रॅक्टर ओढ्याच्या बाजूला तोंड करून खाली आला आणि चाळीस फूट अलीकडं त्यानं नांगर उचलला. दिव्याचा उजेड पुढच्या रेघेवर पडला.

पुढं माणूस होता.

पाठमोरा. उघडा. वाकून काहीतरी करत होता. कंबरेपासून वरचंच दिसत होतं. कृष्णातला वाटलं, ओढ्यात उतरून कुणीतरी खेकडी धरतंय. मे महिन्यात धरतात लोक. त्यानं ट्रॅक्टर वळवला आणि वर गेला.

केणी लावायला त्यानं इंजिन बंद केलं. तेव्हा आवाज कानावर आला.

खच्... धप्.

खच्... धप्.

खोऱ्याचा आवाज. माती कापायची आणि बाहेर टाकायची. लांबून येत होता, खालून. खेकडी धरायला खोरं कशाला, असं त्याच्या मनात आलं. पण काम पडलेलं. त्यानं पिना बसवल्या आणि इंजिन मारलं.

साडेअकराला दुसरा थर झाला. ट्रॅक्टर पुन्हा खाली आला. उजेड पुन्हा पडला.

माणूस तिथंच होता. आता छातीपासून वर.

या वेळी कृष्णातनं नीट बघितलं. माणसाच्या पुढं, मागं, दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत होतं. सपाट रान. ओढा त्याच्या पलीकडं, आणखी सात-आठ पावलांवर. तो ओढ्यात नव्हता. तो रेघेवर होता. आणि रेघेवर अजून कुणी काही खणलेलंच नव्हतं.

"कोन रं त्यो?"

माणूस वाकला. उठला. वाकला.

"आरं, कोन हाय?"

त्यानं हॉर्न दिला. माणसानं मान वळवली नाही.

कृष्णात मला म्हणाला, "दादा, तवाच मी निगून जायाला पायजे हुतं. पर डोस्क्यात येकच... सकाळी पानी येतंय."

तो वर गेला. केणी लावली. माती सारली. केणी काढली. इंजिन बंद होतं तेवढा वेळ तो आवाज येत राहिला. खच्... धप्. एका लयीत. दम न खाता. 

सव्वाबाराला तिसरा थर. तो खाली आला. बघायचं नाही असं ठरवून आला होता.

बघितलंच.

फक्त डोकं. गवतात ठेवल्यासारखं.

त्यानं ट्रॅक्टर कसा वळवला ते त्याला आठवत नाही. अर्ध्या रानात आल्यावर इंजिननं दोन आचके दिले. बंद पडलं. दिवे पिवळे झाले, मग विझले.

अंधार.

खच्... धप्.

खच्... धप्.

खच्...

धप् झालंच नाही.

तो सीटवर बसून राहिला. वाट बघत. एखादा आवाज यावा म्हणून. रातकिडेसुद्धा गप्प. ओढ्याच्या बाजूनं ओल्या मातीचा वास आला. नुकती उकरलेली, खोलातली माती असते ना, तसा.

पावणेएकला चंद्र वर आला. अर्धा. रान जरा दिसायला लागलं. रेघेवर कुणी नव्हतं.

आता पोरांनो, मी असतो तर घराकडं पळालो असतो. पण सोळा वर्षांची नोकरी अंगात मुरलेली. कुणी खाली पडलं, कुणी आवाज दिला, की जायचं. त्यानं सीटखालची हातबॅटरी घेतली आणि चालत गेला. चर संपला, तिथून पुढं. चार पावलं. आठ.

गवतात काहीतरी हललं.

त्यानं बॅटरी मारली.

हात होता.

मनगटापासून वर. जमिनीतून आलेला. तळवा उघडा, बोटं मातीनं माखलेली. बोटं मिटत होती... उघडत होती... मिटत होती.

आणि खालून, मातीच्या खालून, तोंडात माती असल्यासारखं...

"...हात..."

कृष्णात गुडघ्यावर बसला.

"...हात द्या... कुनीतरी..."

त्यानं हात पुढं केला. वीतभर अंतर राहिलं. त्या बोटांना कळलं असावं. ती त्याच्या दिशेला वळली. चाचपडायला लागली.

...

त्याचा हात पुढं गेला नाही.

तो उठला आणि पळाला. ट्रॅक्टर तिथंच, बॅटरी तिथंच. बांध, काटे, उसाचा पाला, कशातून गेला ठाऊक नाही. घरी आला तेव्हा अंगणात त्याचे वडील आकाराम बाजेवर उठून बसले होते. सत्तर वर्षांचा म्हातारा. पोराच्या पायांना रक्त, अंगाला माती. कृष्णात उंबऱ्यावर कोसळला. अजून तो एक अक्षर बोलला नव्हता.

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं बघितलं. मग हळूच विचारलं,

"दिलास का रं हात?"

कृष्णातनं मान हलवली. नाही.

म्हातारा खाली बघायला लागला.

"मी बी न्हवता दिला."

"आबा?"

"आप्पा लय वरडत हुता त्या राती. म्या आयकलं हुतं. आपल्या वस्तीवनं सपष्ट येत हुतं. वाटलं... लांबचं हाय. वाटलं, दुसरं कुनी जाईल. जाईल कुनीतरी. मग वरडायचं थांबलं. म्या कूस बदलून निजलो."

पाच वर्षं म्हाताऱ्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

सकाळी सहाला कृष्णात माझ्या दारात. म्हणाला, "ट्रॅक्टर आनायचाय, येकटा जात न्हाई." मी स्कूटर काढली. जाताना वाटेत त्यानं मला हे सगळं सांगितलं, आत्ता मी तुम्हाला सांगितलं तसं.

आम्ही पोचलो तेव्हा राहीबाई बांधावर उभ्या होत्या. तोंडाला पदर लावून. वरच्या रानात पाणी सुटलेलं होतं आणि ते चरातून वाहत होतं. सरळ ओढ्यापर्यंत.

ओढ्यापर्यंत, शौनक. ते चाळीस फूट पुरे झाले होते.

कृष्णातनं ओढलेला चर नांगराचा होता. वर रुंद, तळाला निमुळता, दोन्ही काठांवर चाकांचे पट्टे. तो जिथं संपला तिथून पुढं वेगळंच काम. भिंती उभ्या, तासलेल्या. खोऱ्याच्या पात्याचे वार एकाखाली एक मोजता येत होते. तीन फूट खोल, दोन फूट रुंद. चाकाची खूण नाही. पावलाची खूण नाही.

राहीबाईंनी विचारलं, "भावजी, कुनाला लावलं हुतं कामाला?"

कृष्णात ट्रॅक्टरकडं चालायला लागला.

थोड्या वेळानं आकाराम आला. काठी टेकत. त्या वावरात त्यानं पाच वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. तो चराच्या टोकाला गेला, खाली बसला, आणि आपला उजवा हात त्या पाण्यात कोपरापर्यंत घातला. तसाच बसून राहिला. बाई बघत होत्या. मग म्हातारा त्यांना सगळं बोलला, आमच्यादेखत. बाईंनी ऐकून घेतलं. रडल्या नाहीत, शिवी दिली नाही. एवढंच म्हणाल्या, "आवं, मला बी आईकू आलं आसतं. मी म्हायेराला गेली हुती." आणि घराकडं चालत गेल्या. त्या वर्षी दोन्ही रानांना ऊस चांगला लागला. कृष्णात अजून माझ्याकडं येतो. त्या रात्रीबद्दल आम्ही बोलत नाही.

पण मी मेकॅनिक माणूस. हिशेब लागल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या दिवशी मी तिथं दुपारपर्यंत थांबलो. चाळीस फूट लांब, तीन फूट खोल, दोन फूट रुंद. खणली तर दोन-अडीच ट्रॉल्या माती निघते. कृष्णातच्या चराला दोन्ही काठांवर मातीचे बांध पडले होते, गुडघाभर उंच. पण पुढच्या चाळीस फुटांना? मी गवत विंचरून पाहिलं. गवत वाळलेलं, उभं, धुळीचासुद्धा कण नाही. ओढ्यात उतरलो. तळाशी मातीचा ढीग नव्हता, पायाला खडेच लागत होते. पलीकडचा काठ पाहिला. आजूबाजूची वावरं पाहिली.

रात्रभर कृष्णातनं माती बाहेर पडताना ऐकली होती.

ती माती कुठंच नव्हती. ओंजळभरसुद्धा.