स्टिअरिंगमधली खीळ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच कुणी फिदीफिदी केलं तर मी उठून सरळ झोपायला जाईन, मग "मामा, सांगा ना" करत मागे लागू नका. आणि ए चष्मिस, तो मोबाईल पालथा ठेव. डोळ्यांवर उजेड येतो माझ्या.

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या साडूची आहे, तुमच्या मामीच्या धाकट्या बहिणीचा नवरा, तो गॅरेजवाला. तुम्ही पाहिलाय त्याला. उघड्या वायरीला बोट लावून करंट आहे का बघणारा माणूस. आणि थापा तर त्याला मारताच येत नाहीत, सासुरवाडीला उशीर झाला तरी खरं कारण सांगून शिव्या खातो. त्याने हे मला सांगितलं तेव्हा त्याच्या कपातला निम्मा चहा बशीत सांडला होता.

तारीख चौदा नोव्हेंबर, वार शुक्रवार. संध्याकाळी साडेसहाला साडू स्पेअर पार्टच्या दुकानात गेला. त्याच्या भावाने, आपण सगळे त्याला धाकटाच म्हणतो, एक जुना ट्रक घेतला होता. वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, आता एकदाची स्वतःची झाली म्हणून गडी हवेत होता. लांब नाकाचा ट्रक, मागचा रंग उडालेला आणि नाक मात्र नवंकोरं, कुठेतरी आदळून बदललेलं असावं तसं. आधी कुणाची गाडी म्हणून विचारलं तर विकणारा म्हणाला, "कागद बघा ना, माणसं कशाला बघताय?"

शनिवारी पहाटे पहिली फेरी होती. शाळेचे बाक घ्यायचे आणि घाट उतरून पलीकडे पोचवायचे. पहिलीच फेरी म्हणून बायको आणि सात वर्षांची मुलगीही सोबत जाणार होत्या. पोरीने खिडकीची जागा आधीच सांगून ठेवली होती. आणि ऐन वेळी चावीने दगा दिला. फिरायची, पण गाडी ढिम्म.

आता नीट ऐका, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. त्या ट्रकात चावी स्टिअरिंगच्या खांबालाच असते. चावी फिरवली की खांबाच्या आत बोटाएवढा एक धातूचा तुकडा खाली सरकतो आणि गाडी चालू करणारा स्विच दाबतो. तोच तुकडा आणखी एक काम करतो. स्टिअरिंगला कुलूप लावणारी एक खीळ असते, तिला मागे धरून ठेवतो. तुकडा मोडला की गाडी चालू होत नाही, हे झालं एक. दुसरं म्हणजे खीळ मोकळी सुटते. ती कधी पुढे येईल याचा नेम नाही. चालत्या गाडीत आली तर स्टिअरिंग गच्च. मग समोर वळण असो नाहीतर दरी, चाक हलणार नाही.

दुकानदार म्हणाला, "हा पार्ट आता कोण ठेवतंय? मागवावा लागेल. मंगळवारी या."

"मंगळवारी? अहो, गाडी उद्या पहाटे निघतेय."

"मग तोवर निदान खीळ तरी काढून टाका, मिस्त्री. गाडी तशी सोडू नका."

"हो हो," साडू म्हणाला.

खीळ काढायची म्हणजे स्टिअरिंगचं चाक उतरवा, खांब उघडा, आतलं सगळं बाहेर काढा. चार तासांचं काम. साडू सकाळपासून तीन गाड्या उपसून मेटाकुटीला आलेला. त्याने आडवाट धरली. स्विचच्या दोन वायरी बाहेर ओढल्या आणि त्यांना एक बटण जोडलं. बटण दाबलं की गाडी चालू, चावीचं कामच नाही. खीळ काय, मंगळवारी बघू. एकच तर फेरी आहे.

"दादा, झालं ना? नक्की?" धाकट्याने विचारलं.

"अरे, झालं म्हणजे झालं. निर्धास्त झोप जा."

हे त्याचे स्वतःचे शब्द बरं का. सांगताना खाली मान घालून सांगितले त्याने.

धाकटा गेला तेव्हा दहा चाळीस झाले होते. घर दोन गल्ल्या सोडून. साडूने शटर अर्धं खाली ओढलं. उघड्या वायरींना टेप गुंडाळायची राहिली होती. म्हणून ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटकडच्या दारातून आत सरकून तो उताणा पडला. पाय दाराबाहेर, डोकं पेडल्सच्या खाली, हातात टॉर्च.

गॅरेजची एक पद्धत असते. एक जण खाली पडतो, दुसरा ड्रायव्हरच्या सीटवर बसतो. खालचा ओरडतो, "सेल्फ मार!" वरचा मारतो. खालचा म्हणतो, "बंद!" वरचा बंद करतो. तीस वर्षं हेच केलंय त्याने. तोंडातून आपोआप निघतं.

टेप लावून झाली आणि साडू म्हणाला, "सेल्फ मार."

सेल्फ लागला. इंजिन एका दमात चालू झालं.

"बंद."

बंद झालं.

साडू खूश. म्हणाला, "बघ, पहिल्या झटक्यात! आणि तू अजून इथेच? जा ना बाबा, पहाटे उठायचंय तुला."



साडूने टॉर्च दुसऱ्या हातात घेतला. तेव्हा छातीवरून काहीतरी घरंगळलं. त्याने चाचपलं.

बटण.

टेप लावायला त्यानेच सोडवून ठेवलं होतं. परत जोडायचं राहिलं होतं. दोन्ही वायरींची टोकं मोकळी, एकमेकींपासून वीतभर लांब. चावी त्याच्याच खिशात. आणि चावी लावली असती तरी आतला तुकडा मोडलेला.

मग सेल्फ मारला कशाने?

हसा ना आता. का रे, गप्प का झालात?

साडू म्हणतो, पहिल्यांदा भीती वाटलीच नाही. मिस्त्रीचं डोकं ते, कुठे शॉर्ट झालंय ते शोधायला लागला. टॉर्च फिरवत पेडल्सवर आणला. क्लच. ब्रेक. ॲक्सिलरेटर. त्यांच्यापुढे सीट. सीटवरून खाली सुटलेले पाय... नव्हते. कुणाचेच.

आणि ब्रेक खाली गेला.

हळूहळू. पार तळाला टेकेपर्यंत.

वर आला. पुन्हा खाली. आता जोरात.

डोक्यावर स्टिअरिंग हललं. उजवीकडे... खट. अडलं. डावीकडे... खट. अडलं. कुलूप लागलेलं चाक कुणीतरी जिवाच्या आकांताने फिरवत होतं. खट. खट. खट.

"बंद," साडू म्हणाला.

थांबलं नाही.

"बंद कर..."

ब्रेक खाली. वर. खाली. त्याच्या नाकापासून चार बोटांवर. बाहेर सरकायला गेला तर अंगच हलेना.

"कोण आहे?"

...

"कोण आहे रे?"

खट. ब्रेक. खट.

आणि मग त्याच्या लक्षात आलं. खीळ पुढे आली होती. म्हणून तर स्टिअरिंग अडत होतं. इथे, उभ्या गाडीत आली होती. घाटात आली असती तर... खिडकीपाशी पोर बसलेली...

साडू ओक्साबोक्शी रडला. पन्नाशीचा बाप्या, आडवा पडून रडला. आणि ओरडला, "काढतो! खीळ काढतो! आत्ताच्या आत्ता काढतो, बाबा!"

ब्रेक वर आला.

आणि वरच राहिला.

तो बाहेर आला आणि त्याने पाने काढले. स्टिअरिंगचं चाक उतरवलं. खांब उघडला. एकेक स्क्रू चार-चार वेळा खाली पडायचा, तो पुन्हा उचलायचा. तीन वाजून वीस मिनिटांनी खीळ त्याच्या तळहातावर होती. मग चाक परत बसवून बटण जोडलं. मी विचारलं, "अरे वेड्या, पळून का नाही गेलास?" म्हणाला, "काढतो म्हणालो होतो ना." कुणाला म्हणाला होता, ते मी विचारलं नाही. माझी छाती झाली नाही.

बरोबर चारला धाकटा आला. मागे बायको, तिच्या खांद्यावर पोर गाढ झोपलेली.

"दादा! रात्रभर इथेच? झालं म्हणाला होतास की."

"झालं नव्हतं रे," साडू म्हणाला. "खोटं बोललो होतो. आता झालं."

धाकट्याला काही उमजलं नाही. त्याने शटर पूर्ण वर केलं, सगळे दिवे लावले आणि मागचा फाळका बघायला गाडीच्या मागे गेला. तिथूनच हाक मारली.

"दादा... ब्रेक कुणी मारला?"

साडू मागे गेला. ट्रक रात्रभर तसूभर हलला नव्हता. चाकांना लावलेल्या विटा होत्या तिथेच होत्या. पण खालच्या कोब्यावर दोन काळेकुट्ट पट्टे उमटले होते. टायर घासत घासत गाडी थांबते ना, तसले. ट्रकच्या मागे सहा हातांवर भिंत आहे, आख्खी, विटांची. पट्टे त्या भिंतीतून निघाले होते आणि बरोबर चाकांखाली येऊन संपले होते.

धाकट्याने वाकून हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

पट्टे अजून गरम होते.