हवेनं धरलेली फळी

चिगुसाच्या पत्राला कानामेनं उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा छपरांवर बर्फ होता. आता इनामी गावाच्या गल्लीत पन्हळींतून वितळलेल्या बर्फाचं पाणी टिपटिपत होतं, आणि पत्र तसंच पटाश्यांच्या खणात पडून होतं. तिनं विचारलं होतं ते इतकंच – "फळी टिकली का? सुटली असेल तर कळवा, दुरुस्त करायला येईन. टिकली असेल तरी कळवा… बघायला येईन."

इतकं साधं. पण कानामेचा हात कोऱ्या कागदापाशी जाई आणि परत येई.

त्यांची गाठ पडली ती बर्फामुळेच. समोरच्या कारखान्यातून ती एक जड पेटी सावरत बाहेर पडली, तिच्यामागून हसण्याचा गलका आला, आणि तेवढ्यात वळचणीचा बर्फ धपकन तिच्या पुढ्यात कोसळला. ती दचकून समोरच्या दारात, म्हणजे कानामेच्या दारात शिरली.

"आत या, तिथं थांबू नका. आमच्या छपरावरचा बर्फ अजून खाली यायचाय."

"तुम्हीपण हसणार का?" तिच्या पापण्यांवर बर्फाचा चुरा होता.

"कशाला?"

"हवेनं लाकूड धरता येतं म्हटलं, म्हणून."

कानामेला हसू आलं नाही. आदल्या हिवाळ्यात छपरावरचा बर्फ ओढताना तो खाली पडला होता. तेव्हापासून डावा गुडघा वाकत नव्हता. इनामीत कोरीव काम करणारा माणूस मांडी घालून बसतो, पावलानं फळी दाबून धरतो. उभं राहून काम करावं तर फळी सरके. लोखंडी शिकंजा आवळावा तर तो नेमका पटाशीच्या वाटेत येई. पडल्यापासून दोन खोल्यांमधल्या दारांच्या वर बसणारी कोरीव जाळीची एकही फळी त्याच्या हातून झाली नव्हती. कुणी विचारलं, की तो म्हणे, "लाकूड वाळतंय."

"दाखवा," तो म्हणाला.

तिनं रबरी काठाची तबकडी ओट्यावर बसवली, वर कापराच्या लाकडाची फळी ठेवली, पंप सुरू केला. बारीक घरघर करत पंप फळीखालची हवा ओढू लागला. पंपावरचा काटा हळूहळू वळला.

"ढकला आता."

त्यानं ढकलली. मग अंगाचा भार टाकला. फळी जागची हलेना – आणि चारी बाजू मोकळ्या!

"खालची बाजू रंधून सपाट करायची आणि लाखेचा हात द्यायचा," ती सांगत होती, "नाहीतर लाकडाच्या छिद्रांतून हवा शिरते. आमचे बाबा हे काचा उचलायला बनवतात. लाकडासाठी… ही माझी कल्पना."

"तुम्ही कोरीव काम करता?"

"मला मुळा धड सोलता येत नाही."

आतल्या खोलीतून आई, तोकिए, खळखळून हसली. "माझ्या लेकाला चहा धड करता येत नाही. जमेल हो तुमचं!"

कानामे फळीकडे बघू लागला. चिगुसा काट्याकडे. काटा तर हलतही नव्हता.

"बंद करताना आधी फळीवर हात ठेवायचा," ती घाईनं म्हणाली, आणि त्याचा तळवा धरून तिनं फळीवर टेकवला. "असा. मग बटण. कळलं?"

"…कळलं."

यंत्र त्याच्यापाशी ठेवून ती गेली. आठवडाभरानं पत्र आलं.

आणि त्याच दिवशी फळी सुटली. तिच्यावर तो कोरत असलेल्या पक्ष्याची मान जमून आली होती. शेजारची फट आरपार करायला त्यानं पटाशी ठोकली. जाळीची भोकं आधी, बारीक काम मागून, हा त्याला शिकवणाऱ्या उस्तादांचा शिरस्ता हातात मुरलेला. पटाशी पार गेली, सुस्कारा टाकावा तशी हवा शिरली, फळी निसटली आणि चोच तुटली.

चूक त्याला लगेच कळली. पण जाळीला भोकं हवीतच, आणि भोक पडलं की धरणारी हवा गेली. मग लिहायचं काय? 'सुटली' म्हटलं तर ती येईल. पण यंत्रासाठी येईल, की लंगड्या माणसाची कीव करायला?

वसंत लागला तशी आई सरकत्या दारांचे फाटके कागद बदलायला बसली. भाताची खळ घोटता घोटता म्हणाली, "त्या मुलीला लिहिलंस?"

"फळी सुटली, आई. काय लिहू?"

"तेच लिही."

आईनं ओल्या फडक्यानं चौकट पुसली, जुना कागद अलगद सोलून निघाला.

"सहज निघतो की गं…"

"खळ घट्ट धरते रे, पण हट्ट नाही करत. तुझ्यासारखी नाही ती."

कानामे तिच्या हातातल्या कागदाकडे बघत राहिला. मग खळीचं भांडंच उचलून ओट्याकडे निघाला.

"अरे, माझी खळ!"

त्यानं एक पातळ, साधी फळी घेतली. तिच्यावर खळीनं कागद चिकटवला, कागदावर कापराची फळी, आणि दोन्ही दाबून वाळू दिल्या. हवेनं धरायचं ते खालच्या फळीला, भोकं वरचीला. दुसऱ्या दिवशी पंप सुरू केला. पहिली फट आरपार झाली. तो श्वास रोखून काट्याकडे बघत होता. काटा जागच्या जागी. दुसरी फट… तिसरी… संपूर्ण जाळी झाली. मग कडेनं ओलं फडकं लावून त्यानं पातळ सुरी फिरवली, तेव्हा कागद मधोमध फाटत जाळी हळूच सुटून हातात आली. शेपटी उडवत बसलेला पक्षी, अख्खी चोच.

खणातलं पत्र त्यानं पुन्हा वाचलं. सुटली तर येईन. टिकली तरी येईन. न येण्याचं कारण तिनं कुठं ठेवलंच नव्हतं. ते त्याचं त्यानं आणलं होतं.

आईनं पाहिलं, तो फाटकी चप्पल घालून बाहेर पडत होता.

"पायाला गारठा बसेल!"

"आलोच."

पाय ओढत तो उतारावरच्या टपालाच्या लाल पेटीपाशी गेला. पाकिटात एवढंच होतं –

"सुटली होती. आता टिकते. दोन्हीसाठी या."

पाकीट पेटीच्या तळाशी पडल्याचा आवाज ऐकला, आणि मगच तो माघारी वळला.