फियाटचे ओले ब्रेक

दुधनीच्या रस्त्यावरच्या बुटक्या पुलावरून कालव्याचं पाणी वाहत होतं. जानेवारीच्या कोवळ्या उन्हात मी बाबांची जुनी फियाट त्यातून ऐटीत बाहेर काढली. पुढे चाललेल्या मारुती गाडीसमोर अचानक म्हैस आडवी आली. मारुती जागच्या जागी थांबली. मीही ब्रेक दाबला... पण फियाट आपली निघालीच पुढे! ठण्ण!

मारुतीतून एक उंच तरुण उतरला. जळगावचा चेतन, किलवणीच्या कारखान्यात सुपरवायझर.

"मॅडम, ब्रेक मारला, का निस्ता विचार केला?"

"मारला! तुम्हीच एवढ्यात कसे थांबलात?"

"माझ्या पुढच्या चाकांना उघडे डिस्क ब्रेक आहेत. पाणी लगेच उडून जातं. तुमचे बंद ड्रमचे ब्रेक, पाणी आत बसतं, मग ब्रेक धरत नाही."

मला रडूच फुटलं. बाबांनी बजावलं होतं, "शैलजा, आणखी एक पोचा आला की गाडी विकणार." गाडी गेली की दुधनीच्या शाळेतली माझी नोकरी सुटणार, आणि मी चिपळूणला परत... रोज नव्या पाहुण्यांपुढे पोहे घेऊन!

"रडू नका ना," तो गडबडला. "रविवारी या. शिकवतो."

तीन रविवार आम्ही त्याच पुलावर होतो. पाण्यातून निघालं की डावा पाय ब्रेकवर अलगद ठेवायचा, गाडी हळू चालवायची. घासून ड्रम गरम होतात, सुकतात. तो समजावायचा, आणि मी मुद्दाम चुकायचे. शिकवणी लांबावी म्हणून!

चौथ्या रविवारी बाबा चिपळूणहून आले, त्यांना सगळं खरं सांगितलं. "दाखव थांबवून," म्हणत ते शेजारी बसले. पाणी ओलांडलं, ब्रेक सुकवले, वेग घेतला... आणि पुढे बघते तर चेतन रस्त्याच्या मधोमध उभा! हाताची घडी घालून!

मी ब्रेक दाबला. फियाट त्याच्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

बाबांनी खिडकीतून वाकून ते अंतर पाहिलं. मग म्हणाले, "ने गाडी शाळेला."

मी खाली उतरले ती तणतणतच.

"वेडे आहात का? नसती थांबली तर?"

"तर तुम्हाला रोज दवाखान्यात भेटायला यावं लागलं असतं."

"त्यासाठी चाकाखाली कशाला यायचं? मी तशीही रोज आले असते... जन्मभर!"

बोलून गेले आणि जीभ चावली. चेतन अजून रस्त्याच्या मधोमधच उभा होता. तेवढ्यात गाडीतून बाबांनी जोरात हॉर्न वाजवला.

"अहो जावईबापू, आता रस्त्यातून बाजूला व्हा!"