रातोरात उगवलेला नंबर

धनत्रयोदशीच्या सकाळी आबा मगदूम मिशीला कलप लावायला बसले आणि नेमकी तेव्हाच दारावरची घंटा वाजली.

"भावजी, दार उघडा," आतून अक्काताईंचा हुकूम आला.

आबांनी कपाळावर हात मारला. चित्रकलेचे मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर आयुष्यात शांतता येईल असं त्यांना वाटलं होतं. पण वहिनी विमा कंपनीतून निवृत्त झाल्या आणि त्यांनी समोरच्या खोलीत खाजगी तपासाची पाटी लावली. तेव्हापासून आबांच्या वाट्याला स्कूटर चालवणं, दार उघडणं आणि "तुम्हाला एवढंही कळत नाही?" हे ऐकणं आलं होतं. मिशी पार तांबूस पडली होती, तिच्याकडे बघायला सवड नाही. निदान दिवाळीत तरी गिऱ्हाइकांनी माणसाला सोडावं!

दारात तिशीचा एक तरुण उभा होता. शर्टाची दोन बटणं तुटलेली. कुणीतरी गचांडी धरली असणार.

"मी डॉक्टर प्रसेनजीत कांबळे. जनावरांचा डॉक्टर हाय. कालपासून सगळी गंगावेस मला चोर म्हणायला लागलीय."

अक्काताई पुढ्यात येऊन बसल्या. "पहिल्यापासून सांगा."

प्रसेनजीत एका दूध संस्थेत होता. चोरी झाली तर ओळख पटावी म्हणून संस्थेने सभासदांच्या म्हशींवर नंबर घालायचं काम त्याला दिलं होतं. तांब्याचा साचा कॅनमधल्या द्रव नायट्रोजनमध्ये गारठवायचा आणि म्हशीच्या मांडीवर दाबून धरायचा.

"तापलेल्या सळईसारखा डाग न्हाय हो तो. गारठ्यानं केसाच्या मुळातला रंग मरतो, कातडी काळीच ऱ्हाते. आधी सूज येते, मग खपली, मग केस झडतात. दोनेक महिन्यांनी तिथं पांढरे केस उगवतात, ते कायमचे. अजून माझ्या पन्नास म्हशीसुद्धा झाल्या न्हाईत, तोवर हे!"

"हे म्हणजे काय?"

"गणपतराव गवळ्यांच्या सुंदरी म्हशीवर काल, वसुबारसेला सकाळी नंबर दिसला. त्र्याहत्तर. आदल्या दिवशी नव्हता. त्यांनी नंबर घालून घ्यायला साफ नकार दिलता. आता म्हणतात, मी रातोरात नंबर घातला, उद्या म्हैस दुसऱ्याची म्हणून उचलून नेणार."

"मग त्यांना सांगा की, याला दोन महिने लागतात," आबा म्हणाले.

"सांगितलं न्हाय व्हय?" प्रसेनजीतचा आवाज चढला. "तर म्हणतात, दोन महिन्यांमागं घातला असंल. बरं, तसं म्हणावं, तर मग एवढे दिवस दिसला का न्हाय? रोज दोन वेळा धार काढतात, आंधळे हाईत काय? काल घातला म्हणावं तर होत न्हाय, आधी घातला म्हणावं तर दिसला न्हाय. पण चोर मात्र मीच! पाडव्याला समदे गवळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जमणार. मी कुठल्याच गोठ्यात पाऊल टाकायचं न्हाय, असं ठरवणार. संस्थेनंही घरी बसवलंय. माझं नाव गेलं, ताई."

अक्काताई उठल्या. "भावजी, स्कूटर काढा."

कलपाची वाटी तशीच वाळत राहिली.

गणपतरावांचा गोठा गंगावेशीच्या मागच्या गल्लीत होता. स्वतः गणपतराव दारातच आडवे उभे राहिले. गडी आडमाप, आवाज त्याहून आडमाप.

"पावणं, त्या डॉक्टरची वकिली करायला आलासा तर आल्या पावली जावा."

"वकिली नाही, म्हैस बघायला आले," अक्काताई शांतपणे म्हणाल्या. "पाडव्याला हिचाच नंबर पहिला, असं ऐकलं."

ही मात्रा बरोबर लागू पडली. कोल्हापुरात पाडव्याला म्हशी नटवून, मोटारसायकलच्या मागे पळवत मिरवतात. त्या दिवशी गवळ्याची इज्जत त्याच्या म्हशीच्या शिंगावर असते. गणपतराव बाजूला झाले.

सुंदरी खरोखरच देखणी होती. शिंगं पाठीवर रुळलेली. डाव्या मांडीवर मात्र खडूने लिहावा तसा त्र्याहत्तरचा आकडा. आबांनी आपलं ज्ञान पाजळलं.

"वहिनी, हा तैलरंग आहे. मी चाळीस वर्षं रंगात घालवली."

"मग पुसून दाखवा."

आबांनी रुमाल ओला करून घासला, गोठ्यातलं रॉकेल मागून घासला, शेवटी नखाने खरवडला. म्हशीने शेपटीचा एक फटकारा त्यांच्या तोंडावर मारला. आकडा जिथल्या तिथे.

अक्काताईंनी नुसता हात फिरवला. "सूज नाही, खपली नाही. केस आखूड आहेत, पण मुळापासून पांढरे. गणपतराव, ही म्हैस तुमच्याकडं कधीपासून?"

"राखीपौर्णिमेपासनं. माझ्या मेव्हण्यानं, बाळासोनं, बहिणीला ओवाळणी म्हणून दिली. मलकापूरच्या दोस्ताकडनं आणली म्हणं. जल्मात पयल्यांदा पठ्ठ्यानं कायतरी चांगलं केलं. पण अजून नावाला वळखत न्हाय ही. माझ्या बाकीच्या म्हशी नुसत्या हाकंला पळत येतात."

"इतके आखूड केस कसे?"

"दसऱ्याला भादरली की! उन्हानं ह्या बाजूचे केस तांबूस पडाय लागलते. म्हशीच्या अंगावर तांबूस डाग शोभतोय व्हय? वस्तरा फिरवला तवा कातडी काळीभोर, नंबर-बिंबर काय नव्हतं. बाळासो नको म्हणत हुता, म्हशीला गारठा बाधंल म्हणून. तवापासनं बिचारा रोज यिऊन सवता काजळी घातलेलं तेल चोळतोय."

"दसऱ्याच्या आधी चोळत होता?"

"आधी कशाला चोळंल?" गणपतराव वैतागले. "त्येचा म्हशीच्या तेलाशी काय संबंध? तुमी चोर धरा की!"

शालूबाई, म्हणजे गणपतरावांची बायको, चुलीपुढे करंज्या तळत होत्या. डोळे रडून सुजलेले.

"मीच बघितला तो आकडा. माझा भाऊ बाळू चार दिस मलकापूरला गेलता, तेल कोण लावणार? म्हटलं वसुबारस हाय, साबणानं धुवावी. फेस उतरला आन् हे दिसलं. दुपारी बाळू परत आला, त्येलाच सगळ्यात आधी सांगितलं. त्योच म्हणाला, हे डॉक्टरचं काम."

बाळासो गोठ्याबाहेर मोटारसायकल पुसत होता. पस्तिशीचा, गोड बोलणारा.

"ताई, मी डोळ्यानं बघितलंय. वसुबारसेच्या आदल्या रात्री ह्याच गल्लीत डॉक्टर नायट्रोजनचा कॅन घिऊन फिरत हुता. दाजी बोलतात मला रिकामटेकडा, पण मी लक्ष ठिवून असतो."

"गोठ्याचं कुलूप कसं उघडलं त्याने?"

"शिकलेला माणूस हाय. उघडलं असंल कसंतरी."

परतताना आबा उजळले होते. "वहिनी, साक्षीदारच मिळाला! तुमचा डॉक्टर गोत्यात आला."

अक्काताईंनी आबांच्या तोंडाकडे, नेमकं सांगायचं तर नाकाखाली, बराच वेळ टक लावून बघितलं आणि एकदम हसल्या. "भावजी, पाडव्यापर्यंत कलप लावायचा नाही. शपथ आहे."

"का?"

"सांगेन."

याच "सांगेन"चा आबांना जन्माचा राग होता. अक्काताई एसटीडी बूथमध्ये शिरल्या. गडहिंग्लज भागातल्या एका दूध संस्थेला फोन लावून बराच वेळ बोलल्या. बाहेर आबा तांबूस मिशी आणि रॉकेलचा वास घेऊन ताटकळत उभे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अक्काताई एसटीने एकट्याच कुठेतरी जाऊन आल्या. कुठे, ते विचारल्यावर उत्तर ठरलेलं.

पाडव्याला सकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशींची आणि माणसांची गर्दी उसळली होती. ताज्या धारेचे पेले फिरत होते. गणपतरावांनी घसा खाकरला, पण त्यांच्याआधी अक्काताईच कट्ट्यावर चढल्या.

"निकाल द्यायच्या आधी माझं ऐका. मग खुशाल द्या."

"बोला, पण आटपा," कुणीतरी ओरडलं.

"हा नंबर त्या रात्री घातलेला नाही. तसा असता तर मांडी सुजली असती. पांढरे केस मुळापासून उगवलेत, म्हणजे डाग जुना आहे. सुंदरी या गोठ्यात आली तेव्हाच तो तिच्या अंगावर होता."

"मग आमाला दिसला का न्हाय?" गणपतराव गरजले.

"भावजी, पुढं या."

आबा पुढे आले. अक्काताईंनी सगळ्या गंगावेशीसमोर त्यांच्या मिशीकडे बोट दाखवलं. धरणी दुभंगावी असं आबांना झालं.

"ही मिशी मुळात पांढरी आहे. कलप लावला की काळी होते आणि ऊन लागलं की अशी तांबूस पडते. गणपतराव, तुमच्या म्हशीचे केस एकाच बाजूला का तांबूस पडले? ऊन काय एकाच मांडीवर पडत होतं? तिथले पांढरे केस कुणीतरी कलप लावून काळे केले होते."

गणपतरावांनी वाकून सुंदरीची मांडी चाचपली.

"दसऱ्याला तुम्ही वस्तरा फिरवला. कलपाचे केस गेले, खाली काळी कातडी राहिली. पण नवे केस मुळापासून पांढरेच येणार होते. हे फक्त एकाला ठाऊक होतं. म्हणून तो भादरायला नको म्हणत होता. म्हणून दसऱ्यानंतर, आधी नाही, तो रोज काजळीचं तेल चोळायला लागला. तो चार दिवस गावाला गेला, शालूबाईंनी म्हैस साबणाने धुतली आणि नंबर उघडा पडला."

बाळासोचा चेहरा उतरला. "मी डॉक्टरला बघितलं..."

"कुठून? मलकापुरातून? वसुबारसेच्या दुपारी तू परत आलास, तुझी बहीण सांगते. मग आदल्या रात्री गंगावेशीच्या गल्लीत डॉक्टर तुला दिसला कसा?"

अक्काताईंनी गर्दीतल्या एका म्हातारीला हात केला. "डॉक्टरांच्या पन्नास म्हशीही झालेल्या नाहीत, मग त्र्याहत्तर आला कुठून? दुसऱ्या संस्थेकडून. मराठी हाक हिला कळत नव्हती, म्हणून मी सीमेकडं चौकशी केली; गडहिंग्लज भागात गेल्या वर्षीच नंबर घालून झाले. त्र्याहत्तर नंबरची म्हैस नेसरीच्या यल्लव्वांची. आषाढात माळावरून चोरीला गेली."

यल्लव्वा पुढे आल्या. "बा काशी, बा, बा," 'ये, ये' म्हणत सीमेकडच्या कानडी वळणाची हाक त्यांनी आपल्या म्हशीला घातली.

सुंदरीचे कान उभे राहिले. गणपतरावांच्या हातातला कासरा तिने हिसडून सोडवला आणि ती म्हातारीच्या खांद्याला तोंड घासायला लागली. म्हातारी तिच्या गळ्यात पडून रडत होती.

"दाजी सारखं बोलायचं," बाळासो खाली मान घालून पुटपुटला. "काय केलंस बहिणीसाठी म्हणायचं. माळावर एकटीच दिसली... वाटलं, एकदा तरी ताईची मान वर हुईल."

"वर झाली की!" शालूबाईंचा आवाज फाटला. "उद्या भाऊबीज हाय. पाट पुसून ठिवलाय मी तुझा. आता कुणाला ओवाळू?"

दोघा गवळ्यांनी बाळासोला चौकीकडे नेलं. मेव्हण्याच्या एका शब्दावर आपण कुणाची गचांडी धरली होती, ते गणपतरावांना आता आठवत असावं. ते प्रसेनजीतजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "चुकलं आमचं."

"मला कानात सांगू नका," प्रसेनजीत म्हणाला. "चोर म्हणताना सगळ्या पेठेला ऐकू गेलं हुतं."

गणपतरावांचा चेहरा लाल झाला. आबांना वाटलं, आता पुन्हा गचांडी. पण गणपतराव वळले, पागोटं काढून हातात घेतलं आणि साऱ्या कट्ट्याला ऐकू जाईल असं ओरडले, "डॉक्टर चोर न्हाय! चोर माझ्याच घरात हुता! मी चुकलो!"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग मागून बायडाबाई गवळणीने वैतागून गर्दी ढकलली.

"झालं न्हवं समद्यांचं? मग सरका. डॉक्टर, सकाळधरनं माझी म्हैस वैरणीला तोंड लावंना. गोठ्यात चला की!"

प्रसेनजीतने तुटक्या बटणांवरून हात फिरवला आणि तो तिच्यामागून निघाला.