फ्रीजमागची खोली

मी थापा मारतो, हे आमच्या उचगावात कुणीही सांगेल. पण ही थाप न्हाय. थाप माणूस चवीनं मारतो. हे लिहिताना मला मळमळतंय.

यंदाचा श्रावण. सोमवार, दुपारचे अडीच.

माझ्या पोरानं, यशराजनं, नुकताच फ्लॅट घेतलेला. पहिला मजला. सून संयोगिता फराळ करून जरा आडवी झाली आणि अर्ध्या तासानं हसतच उठली.

"आण्णा, मला सपनात आपल्याच घरात एक खोली घावली. फ्रीजच्या मागं दार. आत चुलीपाशी एक म्हातारी, पाठ करून बसलेली. मला म्हणाली, जेव."

"मग जेवलीस?"

"न्हाय ओ. सोमवार न्हवं का?"

मला गंमत सुचली. तोंडाला येईल ते ठोकून दिलं.

"नवी खोली घावली म्हणजे घरात बरकत येणार. आणि आपल्याच घरातलं वाढलेलं नको म्हणू नये. पुढच्या खेपेला खा की."

तिनं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाल्लं.

उठली तेव्हा हसत नव्हती. "रश्श्यावर गार चरबीचा थर होता, आण्णा. खाली मटण... चावायलाच लागलं न्हाय."

श्रावणात आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.

तरी तिच्या हाताला वास येत होता... झाकून ठेवून आठ दिवस विसरलेल्या मटणाचा. तीनदा साबण लावला. बोटं तेलकटच.

मग रोज दुपारी तेच. झोपायचं नाही ठरवलं, तरी बसल्या बसल्या डोळा लागायचा. रात्री भाकरीचा तुकडा मोडला की तिला त्याच वासाचा ढेकर यायचा, आणि यशराज आपलं ताट उचलून गॅलरीत जायचा.

"पोट भरलंय," म्हणायची.

पोट भरलेलं, आणि गळ्याची हाडं वर आलेली. दीड महिन्यात चौदा किलो गेले. तपासण्या सगळ्या चांगल्या. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर ही पोरगी दिवाळी बघत नाही.

मी फ्रीज ओढला. मागं कोरी भिंत. भिंतीपलीकडं मोकळी हवा, खाली लोकांच्या मोटारसायकली.

कान लावला...

पलीकडं कुणीतरी पातेलं खरवडत होतं.

"नको म्हण की तिला," मी संयोगिताला म्हटलं.

"म्हटलं ओ. ती म्हणती, मग ह्ये कुणी खायचं?"

माझ्याच जिभेनं पोरीला त्या चुलीपाशी बसवलेलं.

"माझं नाव सांग."

"काय तर बोलतायसा, आण्णा."

"सांग म्हणतो न्हवं."

त्या दुपारी मी तिच्या उशाशी बसलो. झोपेत तिचा जबडा हलत होता. हळूहळू... चघळल्यासारखा. ओठांच्या कोपऱ्यातून पिवळं तेल ओघळलं. मी टॉवेलनं पुसलं. टॉवेल नंतर जाळला.

मग ती पुटपुटली, "आमच्या आण्णांना वाढा."

स्वयंपाकघरातून इथवर येणारा खरवडण्याचा आवाज...

थांबला.

संयोगितानं डोळे उघडले. "भूक लागल्या," म्हणाली.

तीन भाकऱ्या खाल्ल्या तिनं, ठेच्याबरोबर. यशराज तिच्या ताटाकडं बघत रडत होता.

मला आजवर ती खोली दिसलेली नाही. म्हातारी नाही, चूल नाही. स्वप्नच पडत नाही.

फक्त दुपारी उठलो की तोंड चिकट असतं.

काल दाढेत काहीतरी अडकलं होतं. चिमटीत धरून ओढलं... ओढतच राहिलो.

हातभर लांब, पांढरा केस. टोकाला कातडीचा ओला तुकडा.

रात्री संयोगितानं ताट आणून ठेवलं. गाल भरलेत आता तिचे. "आण्णा, चार दिवस झालं, जेवत का न्हाईसा?"

"उपास हाय," म्हटलं.

खरं कळलं, तर पोरगी माझ्यासाठी परत त्या दारात जाईल.